घराचं छप्पर बदलायचंय, कौल का पत्रा का आणखी काही? घरात दोन मतं पडलीत

ओली_भिंत

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

आमचं बैठं घर आहे, साधारण ४० फूट लांब आणि २६ फूट रुंद, वर कौलं, दोन पाखी, मधे आढं. मागच्या बाजूला नंतर वाढवलेली पडवी आहे, तिच्यावर सिमेंटचा जुना पत्रा. छपराला चाळीसेक वर्षं झाली असतील. दर एक-दोन वर्षांनी शाकारणी करतो, फुटकी कौलं बदलतो, तेवढ्यावर आतापर्यंत भागलं. पण गेल्या पावसात मधल्या खोलीत तीन ठिकाणी गळायला लागलं. एका रात्री आईच्या उशीवरच थेंब पडला, ती दचकून उठली, मग आम्ही सगळे अंधारात कान देऊन बसलो की आवाज नक्की कुठून येतोय, बादली सरकवतोय, परत ऐकतोय. सकाळी बॅटरी मारून बघितलं तर ज्या वाशावरून पाणी टपकत होतं तो वासा काळा पडलेला, आणि ओल मात्र थेंबाच्या जागेच्या हातभर वर सुरू होत होती. वरचं कौल बघितलं तर ते अख्खं. म्हणजे फुटकं कौल नाहीच, मग पाणी येतंय कुठून हेच कळेना.

आता बाबा म्हणतात सगळं उतरवून परत कौलंच घाला, दादा म्हणतो कौलाची कटकट कायमची संपवून रंगीत पत्रा टाकू, आणि एका ओळखीच्या ठेकेदाराने स्लॅबच घाला म्हणून सांगितलंय. मला भीती आहे ती उकाड्याची आणि पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजाची, आईला झोप कमी आहे. शिवाय एकदा केलं की परत पंचवीस-तीस वर्षं तरी हात लावायला लागू नये असं वाटतं. ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांचं हे कामच आहे त्यांनी प्लीज सांगा.

सायटीवरचा

ताई, बरीच वर्षं छपराचीच कामं करतोय म्हणून आधी एक सांगतो, कौल का पत्रा हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी खाली काय आहे ते बघा, आणि उतार किती आहे ते मोजा. माल या दोन गोष्टींवरून ठरतो, लोक उलटं करतात, आधी माल पसंत करतात आणि मग तो कसाबसा बसवतात, आणि मग गळालं की मालाला नावं ठेवतात.

थेंब पडतो तिथेच भोक असतं असं कधीच धरू नका. पाणी वर कुठेतरी शिरतं, रिपेवर (कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीवर) येतं, वाशाच्या पोटाखालून चालत खाली येतं आणि जिथे गाठ किंवा सांधा लागेल तिथे टपकतं. तुमची ओल हातभर वर आहे म्हणताय, तर त्याच्याही वरची दोन-तीन ओळी कौलं उचलून बघा. बऱ्याचदा कौल चांगलं असतं पण वासा वाकल्यामुळे ती ओळ खाली बसलेली असते, मग वरचं कौल खालच्यावर नीट चढत नाही आणि वाऱ्याबरोबर पाणी उलटं आत जातं.

आता उतार. मंगलोरी पद्धतीच्या कौलाला ३० अंशाच्या आसपास उतार हवा. तुमचं घर २६ फूट रुंद, म्हणजे भिंतीपासून आढ्यापर्यंत आडवं अंतर १३ फूट, तर आढं भिंतीच्या डोक्यापासून साडेसात फूट वर पाहिजे. टेप लावून मोजा. सहा फूटच भरलं तर कौल कितीही नवीन आणा, जोराच्या पावसात वारं उलटं असलं की गळणारच. पत्र्याला एवढा उतार लागत नाही, १० अंश असला तरी निभतं, फक्त जोड कमी आणि एका पत्र्यावर दुसऱ्याचा चढ जास्त ठेवायचा.

मग वजन. कौल कोरडं असताना चौरस मीटरला ३५-४० किलो, पाणी पिऊन ४५ पर्यंत जातं. तुमच्या दोन्ही पाख्यांचं क्षेत्रफळ वळचणीसकट १२० चौरस मीटरच्या आसपास निघेल, म्हणजे डोक्यावर पाच टन. तोच पत्रा ५ किलोच्या हिशोबाने ६०० किलो. स्लॅब ४ इंची धरला तरी चौरस मीटरला अडीचशे किलो, म्हणजे जवळपास २४ टन, आणि तुमच्या भिंती कशाच्या आहेत, पाया किती खोल आहे, हे कोणी इंजिनिअरने बघितल्याशिवाय त्याचा विचारही करू नका. नुसतं तोंडाने स्लॅब घाला म्हणणारा ठेकेदार मला तरी पटला नाही.

पण एक गोष्ट दादांना नक्की सांगा. वजन कमी झालं म्हणजे सगळा फायदाच, असं नाही. पाच टन कौलं स्वतःच्या वजनाने छप्पर दाबून धरत होती. तिथे ६०० किलोचा पत्रा आला की वारा त्याला खालून उचलतो. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरतो, आणि वळचण, कोपरे, आढं इथे ओढ त्याहूनही जास्त असते. म्हणजे पाच किलोच्या पत्र्याला सत्तेचाळीस किलोची ओढ. म्हणून पत्रा पर्लिनला (त्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला), पर्लिन कैचीला (छपराच्या तिकोनी सांगाड्याला), आणि कैची भिंतीत खोल बोल्टने, अशी अख्खी साखळी बांधलेली पाहिजे, कडेच्या पट्ट्यात स्क्रू जवळजवळ. पत्रा उडाला असं आपण म्हणतो पण मी बघितलेल्या कितीतरी ठिकाणी पत्रा पर्लिनसकट उडालेला होता, स्क्रू जागच्या जागी शाबूत.

आणि आजच एक करा. मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक वासा भिंतीवर टेकतो तिथे टोचून बघा. मधे नाही, टोकाला. लाकूड कुजतं ते तिथेच, कारण ओल भिंतीतून येते. पाते आत गेलं तर तो वासा गेला.

जुनं_कौल

मी बाबांच्या बाजूने :) म्हणजे भावनेने नाही, कारणं आहेत.

कौलाचा मोठा गुण म्हणजे दुरुस्ती. एक फुटलं, एक बदललं, दहा मिनिटांचं काम. पत्र्याच्या एका शीटला मधे गंज लागला तर अख्खी लांबी काढावी लागते. दुसरं म्हणजे कौलांच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते, कौलारू घरात दुपारी जे बरं वाटतं त्यात मातीइतकाच वाटा त्या फटींचा आहे. आणि चांगलं भाजलेलं कौल शंभर वर्षंही टिकतं, आधी जातं ते खालचं लाकूड आणि शिव्या मात्र कौलाला बसतात.

तुमची जुनी कौलं सरसकट टाकून देऊ नका. एकेक हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवा. चांगलं कौल खणकन वाजतं, घंटेसारखं. चीर असेल, भले डोळ्याला दिसत नसेल, तर बद्द आवाज येतो. एकदा कान बसला की मिनिटाला आठ-दहा तपासून होतात. मग त्यांच्या पाठीवर थोडं पाणी ओतून ठेवा, पाचेक मिनिटांनी पोटाला नुसता ओलसर रंग आला तर ठीक, थेंब धरला तर बाजूला काढा. शेवाळ लोखंडी ब्रशने खरवडू नका, वरचा भाजलेला थर जातो आणि मग कौल जास्तच पाणी पितं, साध्या काथ्याने घासा.

आणि परत कौलंच घालणार असाल तर रिपांच्या खाली पाणी अडवणारा थर नक्की घाला, छपरासाठीचा मेम्ब्रेन मिळतो तो किंवा साधा पातळ पत्रा. वर उभ्या पट्ट्या, त्याच्यावर आडव्या रिपा, मग कौल. म्हणजे वाऱ्याने चार थेंब आत आले तरी ते त्या थरावरून वळचणीपर्यंत वाहून जातात, उशीपर्यंत येत नाहीत. उभ्या पट्ट्या विसरू नका, त्या नसल्या तर आलेलं पाणी रिपेला अडून साचतं आणि रीप कुजते. आमच्याकडे पहिल्यांदा मिस्त्रीने नेमकं तेच केलं होतं आणि चार वर्षांत अर्ध्या रिपा बदलायला लागल्या, फार जीवाला लागलं होतं तेव्हा.

ओली_भिंत

दोघांचेही खूप आभार, एवढं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. उतार मोजला, आढं सव्वासात फूट भरतंय, म्हणजे जवळपास बरोबर आहे ना? वासे उद्या बघते.

आणखी दोन शंका. एक, पत्राच टाकायचा झाला तर उकाडा आणि आवाज याला खरंच काही इलाज आहे का, का दुकानदार नुसतं सांगतात? आणि दोन, पडवीवरचा सिमेंट पत्रा दादा रविवारी स्वतःच फोडून काढणार म्हणतोय, मजुरी वाचेल म्हणून. तो ठिसूळ झालाय तसाही, दोन हातोडे मारले की खाली येईल. त्यात काही काळजी घ्यायची का?

हवा_खेळती_ठेवा

ताई, दादांना आत्ता फोन करा आणि थांबवा. कळकळीने सांगतेय. बाकीचं नंतर वाचा.

एवढ्या जुन्या सिमेंट पत्र्यात ऍस्बेस्टॉस, म्हणजे एका खनिजाचे अगदी बारीक तंतू, असण्याची शक्यता फार मोठी आहे, वजनाच्या १० ते १५ टक्के असायचं. पत्रा अख्खा असेल, कोणी छेडत नसेल, तोवर तंतू सिमेंटमध्ये धरलेले असतात. फोडला, ग्राइंडरने कापला, ड्रिल मारलं, ब्रशने घासला, की ते हवेत सुटतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, वास नाही, खोकलासुद्धा येत नाही त्या वेळी. ऍस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कॅन्सर करतात असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. फुफ्फुसाचा, आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा. आणि तो वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी बाहेर येतो, म्हणून लोकांना वाटतं आम्ही तर कितीदा फोडले, काही झालं नाही. ऑस्ट्रेलियात २००३ च्या शेवटापासून आणि युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी आहे, ती उगाच नाही.

आधी तुकडा लॅबमध्ये तपासून घ्या, आणि तो तुकडाही स्वतः मोडू नका, लॅबच्या माणसाला बोलवा. रिपोर्ट येईपर्यंत ऍस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. काढायचा तर हे काम येणाऱ्यांकडून, पत्रा पाण्याने भिजवून, हुक-बोल्ट सोडवून अख्खाच्या अख्खा खाली उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावायची, आणि जिथे असा कचरा घेतात तिथेच द्यायचा. तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात, अंगणात भर म्हणून टाकायचे नाहीत, मुलं खेळतात तिथे. आणि त्याच्यावर कोणी पाय देऊन चढू नका, जुना पत्रा बघता बघता मोडतो आणि माणूस सरळ खालच्या फरशीवर येतो, अशाने जीव गेलेले आहेत.

आता उकाडा आणि आवाज. इलाज आहे, पण तो पत्रा बसवतानाच करायचा, नंतर नाही. पत्र्याखाली उकडतं ते मुख्यतः हवेमुळे नाही, तापलेला पत्रा वरून शेकोटीसारखी धग फेकतो म्हणून. दुपारी फॅनखाली बसूनही डोकं तापतं ते त्यामुळे. त्यावर पहिला उपाय रंग. नवीन पांढरा पत्रा उन्हाचा बराच मोठा भाग परत फेकतो, गडद रंगाचा बहुतेक ऊन पिऊन टाकतो. गडद लाल, चॉकलेटी दिसायला छान दिसतात, मान्य, पण राहायचं आत आहे. दुसरा उपाय इन्सुलेशन. दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेलं पॅनल मिळतं, ४०-५० मिलिमीटरचं, त्याने धग आणि आवाज दोन्हीत चांगला फरक पडतो कारण पत्रा मोकळा थरथरत नाही. पाऊस वाजायचा पूर्ण थांबतो असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, पण ताशा वाजावा तसं न होता दूरवर पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं. आगीची भीती वाटत असेल तर फोमऐवजी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरलेलं घ्या, ते जळत नाही, फक्त जड असतं आणि त्यात पाणी शिरू द्यायचं नाही.

तो चकचकीत फॉइलचा रोल विकतात ना, तो काम करतो, पण त्याच्या चकचकीत बाजूसमोर इंचभर मोकळी हवा असेल तरच. पत्र्याला चिकटवून टाकला की त्याचा उपयोग गेलाच म्हणून समजा. बहुतेक ठिकाणी चिकटवूनच टाकतात.

आणि आढ्याला हवा जायला वाट ठेवा. थंडीच्या दिवसांत पहाटे पत्रा गार पडतो आणि आतली दमट हवा त्याला लागून पाणी सुटतं, लोकांना वाटतं छप्पर गळतंय, पाऊस नसताना. स्वयंपाकघर असेल त्या बाजूला तर हमखास.

सायटीवरचा

वरच्या ताईंनी ऍस्बेस्टॉसचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांनी हे पत्रे तोंडाला रुमालही न बांधता कापलेत, आता आठवलं की पोटात गोळा येतो.

सव्वासात फूट म्हणजे २९ अंशाच्या आसपास, चालेल, खालून तो पाणी अडवणारा थर असेल तर काही काळजी नाही.

पडवीला पत्रा घेताना काय विचारायचं ते सांगतो. जाडी ०.५० मिलिमीटर विचारा, आणि ती रंग आणि मुलामा धरून आहे का नुसत्या लोखंडाची ते विचारा, कारण एकच आकडा सांगून दोन वेगळे पत्रे विकले जातात. मुलामा कुठला ते विचारा. साधा जस्ताचा आणि ॲल्युमिनियम-जस्ताचा असे दोन प्रकार असतात, दुसऱ्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, साडेत्रेचाळीसच्या आसपास जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं, आणि तो मोकळ्या छपरावर जास्त टिकतो. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅमचा मुलामा मागा. खारं वारं असेल तिथे मात्र नुसत्या ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, लोखंड तिथे हरतंच. फक्त ॲल्युमिनियम उन्हात लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं, २० फुटी शीट दुपारपर्यंत पाच-सहा मिलिमीटर लांब होते, त्यामुळे स्क्रूची भोकं थोडी सैल ठेवायला लागतात. आणि ओलं सिमेंट, चुना त्या मुलाम्याला लागू देऊ नका, भिंतीचा गिलावा आधी करून घ्या, पत्रा नंतर.

गळती स्क्रूपाशीच सुरू होते. स्क्रूखाली रबरी वॉशर असतो, तो थोडासा दबून पत्र्याला सगळीकडून चिकटला पाहिजे. पोरं मशीन शेवटपर्यंत दाबून धरतात, वॉशर फुगून कडेने बाहेर येतो, दोन उन्हाळ्यांत तडकतो. सैल राहिला तरी पाणी. उभं राहून बघा, लाजू नका. आणि संध्याकाळी काम संपलं की छपरावर पडलेला लोखंडाचा बारीक चुरा मऊ झाडूने झाडून घ्या. एका रात्रीच्या दवात तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके पडतात, मग तिथूनच मुलामा खाल्ला जातो.

पन्हळीचं विसरू नका. चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमचं एक पाखं, उतार आणि वळचण न धरता, ४८ चौरस मीटर, तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत त्यावरून मिनिटाला ८० लिटर पाणी उतरणार. आणि ते मागच्या पाख्याचं सगळं पाणी पडवीवर पडणार असेल तर मधे पन्हळ घालाच, नाहीतर पडवी दुप्पट पाणी सोसेल.

चढाओढ

कोणी शिंगल्सचं (कौलासारखे एकावर एक लावायचे पातळ डांबरी तुकडे) बोललं नाही म्हणून थोडक्यात. आम्ही घातलेत, दिसतात सुंदर, पावसाचा आवाज अजिबात नाही. पण त्याला खाली अख्खा फळ्यांचा किंवा प्लायचा पाट लागतो, आणि तो पाट ओला झाला तर वरून काही कळत नाही, थेट फुगल्यावर कळतं. आयुष्य वीस ते तीस वर्षं. तुमच्याकडे चांगली कौलं असतील तर मी तरी याच्या मागे लागलो नसतो. आणि मधल्या खोलीत उजेडाला पॉलीकार्बोनेट घालणार असाल तर त्याची एकच बाजू उन्हाला टिकणारी असते, त्या बाजूच्या प्लास्टिकवर लिहिलेलं असतं, ती वर आली पाहिजे. उलटी लागली की काही वर्षांत पिवळं पडून तडकतं.

ओली_भिंत

सगळ्यांना कसं थँक्यू म्हणू कळत नाही. दादाला त्याच दिवशी थांबवलं. त्याने आधी हसण्यावारी नेलं, मग हे सगळं त्याला वाचायला दिलं, वाचून झाल्यावर काही बोलला नाही, फक्त हातोडा परत आत नेऊन ठेवला. लॅबवाले नमुना घेऊन गेलेत.

वासे टोचले. एकूण बावीस, त्यातले अठरा ठणठणीत, पण मागच्या भिंतीवरचे चार, पाते इंचभर आत गेलं, ओल्या भाकरीत बोट जावं तसं, आणि दोघांच्या टोकाला वाळवीची मातीची रेघ. गंमत म्हणजे गळत होतं ते याच चारांच्या पाख्यात. टोकं खाली बसलीत म्हणून ओळ वाकली आणि कौल अख्खं असून पाणी शिरत होतं, सायटीवरचा दादांनी न बघता सांगितलेलं तसंच निघालं.

मग बाबांनी शंभर कौलं उतरवून घेतली आणि अंगणात बसून एकेक वाजवली. चौऱ्याऐंशी खणखणीत, सोळा बद्द. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हा ठरलं, मोठ्या घरावर कौलंच, चार वासे आणि सगळ्या रिपा नवीन, खाली मेम्ब्रेन आणि उभ्या पट्ट्या. पडवीला पांढरं पॅनल, त्यात दादाचंही समाधान. आई म्हणते पडवीत कोणी झोपत नाही, वाजू दे तिथे.

एकच राहिलं, पडवीचं पॅनल जिथे घराच्या भिंतीला टेकतं तो सांधा कसा करायचा? फॅब्रिकेटर म्हणतो सिलिकॉन मारून देतो, दहा वर्षं बघायला नको.

सायटीवरचा

नुसत्या सिलिकॉनवर सोडू नका ताई, दोन-तीन उन्हाळ्यांत भिंतीपासून सुटतं. पत्र्याचीच वाकवलेली पट्टी घ्या, भिंतीवर किमान ६ इंच चढवा आणि पॅनलवर तेवढीच उतरवा. वरच्या कडेला भिंतीत इंचभर खोल खाच मारून पट्टीची दुमडलेली कड त्या खाचेत घाला आणि मग खाच बुजवा, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी पट्टीच्या वरून येतं, मागून नाही. पट्टी पॅनलला स्क्रू करा, भिंतीला नको, पॅनल उन्हात हलतं, त्याला खाचेत सरकायला जागा राहिली पाहिजे. सिलिकॉन मारायचं तर खाचेत, सगळ्यात शेवटी. आणि पाइप लावून अर्धा तास भिंतीवर पाणी सोडून बघितल्याशिवाय फॅब्रिकेटरचा शेवटचा हप्ता देऊ नका.